वाचकांचे प्रश्न : हसायचे कोणाला?

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांविषयी पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयावरची निघाली : दुसऱ्या संस्कृतीच्या घरात झालेले लग्न आणि त्यावर बेतलेला विनोद. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी सून मूळची दिल्लीकडची, पंजाबी आहे. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही हिंदी मालिका ती पुन्हा पुन्हा पाहते आणि पोट धरून हसते. मला मात्र शेजारी बसून अवघडल्यासारखे होते, कारण त्यातली गुजराती सासू पंजाबी सुनेला उठता-बसता हिणवत असते. सुनेला यात अपमान कसा वाटत नाही? (कोथरूड)

उत्तर : आपल्याला अवघडल्यासारखे होते, यातच आपण कशा सासूबाई आहात ते आले. पुढचा भाग लागेल तेव्हा माया साराभाई सुनेला नेमके काय बोलते, ते जरा कान देऊन ऐका. नोएडाहून आलेल्या मोनिशाचे पंजाबीपण तिला फारसे खुपतच नाही. तिला खुपते ते मोनिशाचे पैशापैशासाठी घासाघीस करणे, सवलतीच्या मालाला भुलणे आणि घरभर पसारा टाकून टीव्हीवरच्या मालिका पाहत बसणे. आणि या सगळ्यावर तिचा शेरा एकच असतो : 'मिडल क्लास'. नोव्हेंबर २००४ मध्ये 'स्टार वन' वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका वरवर गुजराती घरातल्या पंजाबी सुनेची दिसत असली, तरी तिचे खरे भांडण कफ परेडच्या उच्चभ्रू राहणीचे बाहेरच्या साध्या राहणीशी आहे. लेखक आतिश कपाडिया स्वतः गुजराती. त्यांनी टोपी उडवली आहे ती आपल्याच घराची.

ती कशी उडवली आहे, हे पाहण्यासारखे आहे. ज्या मायाला सुनेच्या प्रत्येक वाक्यात अभिरुचीचा अभाव दिसतो, तिलाच धाकट्या मुलाच्या, रोसेशच्या, ऐकवत नाहीत अशा कविता थोर वाटतात. रोसेश कविता म्हणू लागला की तिच्या अभिरुचीचा फुगा आपोआप फुटतो आणि सुनेला तोंडही उघडावे लागत नाही. त्यात सासरेबुवा इंद्रवदन, म्हणजे सतीश शाह, बायकोला डिवचण्याची एकही संधी सोडत नाहीत आणि बहुतेक वेळा सुनेच्या बाजूने उभे राहतात. माया दर भागात मोनिशाला सुधारायला निघते आणि मोनिशा दर भागाच्या शेवटी होती तशीच उरते. आपली सूनबाई हसते ती जिंकणाऱ्या बाजूला बसून.

आता एक गोष्ट, थोडी आपल्याकडे बोट दाखवणारी. मोनिशाचे माहेरचे नाव मनीषा. सासूला ते फारच मध्यमवर्गीय वाटले, म्हणून तिने त्याचे मोनिशा केले. हे ऐकून आपण मराठी माणसे मनमोकळी हसतो, पण आपल्याकडेही नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरून, अंगठीच्या टोकाने त्यात तिचे नवे नाव लिहून, ते पाहुण्यांना पेढ्यांबरोबर सांगण्याची पद्धत होतीच. अनेक घरांत ती अजूनही आहे. मायाने तांदळाचे ताट मांडले नाही, एवढाच काय तो फरक. (आपल्या सुनेचे नाव बदलले होते की नाही, हे आपण पत्रात लिहिलेले नाही आणि मीही विचारत नाही.)

प्रश्न : 'काहे दिया परदेस' ही आपली मराठी मालिका या प्रकारात मोडते का? (सातारा रस्ता)

उत्तर : विषयाने मोडते, प्रकाराने नाही. 'झी मराठी'वर २०१६-१७ मध्ये चाललेल्या या मालिकेत मुंबईची गौरी आणि बनारसचा शिव यांचे लग्न आहे आणि दोन्ही घरांच्या रीतिभातींतून झालेल्या गमतीही आहेत. पण ती दैनंदिन मालिका होती, जिच्यात आजचा पेच उद्याच्या पेचाला जन्म देतो. ज्याला सिटकॉम म्हणतात त्यात भाग संपताना घर पुन्हा होते त्याच जागी यावे लागते. तिथे मतभेद मिटवून चालत नाही, कारण तो मिटला तर पुढच्या आठवड्यात दाखवायचे काय?

प्रश्न : अमेरिकेतला माझा नातू म्हणतो की तिकडे अशी एक मालिका भरपूर लोकप्रिय असूनही बंद करण्यात आली होती. हे खरे आहे का? (औंध)

उत्तर : खरे आहे. मालिकेचे नाव 'ब्रिजेट लव्हज बर्नी'. सप्टेंबर १९७२ मध्ये ती 'सीबीएस' वाहिनीवर सुरू झाली. बर्नी हा ज्यू घरातला टॅक्सीचालक आणि ब्रिजेट ही श्रीमंत आयरिश कॅथलिक घरातली शिक्षिका. त्या हंगामाच्या लोकप्रियतेच्या यादीत मालिका पाचवी आली, तरीही २४ भागांनंतर तिचा पडदा पडला. ज्यू धार्मिक संघटनांनी आंतरधर्मीय विवाह इतक्या हलक्याफुलक्या रीतीने दाखवण्याला कडाडून विरोध केला होता आणि मालिका त्यामुळेच बंद झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. न्यायाने हेही सांगायला हवे की शनिवारी रात्री दोन अत्यंत गाजलेल्या मालिकांच्या मधली जागा तिला मिळाली होती, त्यामुळे तिचा पाचवा क्रमांक काही अंशी शेजाऱ्यांच्या पुण्याईचा होता. नायक-नायिका, डेव्हिड बर्नी आणि मेरेडिथ बॅक्स्टर, यांनी मात्र १९७४ मध्ये खरोखरच लग्न केले.

याच वाहिनीने त्याआधी, १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'च्या वेळीही कुरकुर केली होती. लूसिल बॉलला पडद्यावर नवरा म्हणून आपला खराखुरा नवरा, क्यूबाहून आलेला वादक डेसी आर्नाझ, हवा होता आणि प्रेक्षक हे जोडपे स्वीकारणार नाहीत अशी वाहिनीला धास्ती होती. तेव्हा दोघांनी गावोगावी रंगमंचावर एकत्र कार्यक्रम करून प्रेक्षक हसतात हे दाखवून दिले.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी मी अर्ध्या तासाचे प्रहसन लिहीत आहे. सदाशिव पेठेतल्या शाकाहारी घरातला मुलगा आणि कोलकात्याची मुलगी. मुलीच्या बोलण्यात 'अ'चा 'ओ' होतो, त्यावर विनोद केले आहेत. सोसायटीत तीन बंगाली कुटुंबे आहेत. ती दुखावणार तर नाहीत ना? (कर्वेनगर)

उत्तर : दुखावतील की नाही हे दुय्यम आहे, कंटाळतील हे नक्की. उच्चारावरचा विनोद दुसऱ्या मिनिटाला शिळा होतो, कारण तो कुठेच जात नाही. 'ओ' काढून टाका आणि पेठेतल्या घराला कामाला लावा.

आपल्याकडे नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवतात. बंगाली लग्नातही वराला लावलेली हळद वधूकडे जाते. इथपर्यंत दोन्ही विहिणी एकमेकींना टाळ्या देतील. पण तिकडे त्या हळदीबरोबर वरपक्षाकडून 'तत्त्व' म्हणून भेटींची तबके जातात आणि त्यांतल्या एकात अख्खा रोहू मासा असतो, तोही नवरीसारखा नटवलेला : कपाळी शेंदूर, नाकात नथ, अंगावर छोटीशी साडी. म्हणजे ज्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात चार महिने बंद, त्या घराने मासा विकत आणायचा, नटवायचा आणि वाजतगाजत न्यायचा.

आता पात्रांना फक्त मोकळे सोडा. आजेसासूबाई मासा घरात येऊ देणार नाहीत, पण मुलाकडची बाजू कमी पडली असे व्याह्यांनी म्हटलेलेही त्यांना चालणार नाही. आणि या दोन अभिमानांमधली ओढाताण पुण्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते, आपल्या प्रेक्षकांना लागणार नाही. साडी नेसवायची ती सहावारी की नऊवारी, यावर काकू आणि आत्या यांचे वाजेल. उपरणे घेतलेले वडील पिशवी घेऊन आयुष्यात प्रथमच गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जातील. विक्रेता सवयीने विचारील, 'काका, साफ करून तुकडे करून देऊ?' आणि वडील घाईघाईने म्हणतील, 'छे, छे, अख्खाच द्या, त्याला नऊवारी नेसवायची आहे.'

मासा पुठ्ठ्याचा करा. गणपतीपुढे खरा आणलात तर प्रहसनाआधी सोसायटीची तातडीची सभा होईल.