साबुदाण्याच्या कंदाचं एक चांगलं वाण काढायला इतक्या देशांतले संशोधक एकत्र का लागतात?

भाऊ, कारण रोग सीमा पाळत नाही. कसावा म्हणजे हाच साबुदाण्याचा कंद. त्याचा मोझॅक, म्हणजे पानं पिवळी-चट्टेरी करणारा विषाणूरोग, पांढरी माशी पसरवते. हीच माशी यवतमाळ-अकोल्याच्या कपाशीवर आपल्या ओळखीची आहे. शिवाय कसावा खोडाच्या कांड्यांपासून लावतात, त्यामुळे रोगट कांडी नेली की रोगही सोबत जातो. श्रीलंकन मोझॅक विषाणू २०१५ मध्ये कंबोडियात सापडला आणि पुढे व्हिएतनाम, थायलंडमध्ये पोचला.

प्रतिकारशक्तीचा मोठा साठा आफ्रिकेतल्या गावठी वाणांत सापडला. तो नायजेरियातल्या इबादानच्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने जपला, वापरला. तिथलंच एक वाण आपल्याकडे ‘श्री पद्मनाभ’ नावाने आलं. देवाणघेवाण उघड्या कांड्यांची नसते. बी किंवा प्रयोगशाळेत वाढवलेली ऊतीसंवर्धित रोपं जातात. भारतात तिरुवनंतपुरमची कंदपीक संशोधन संस्था १९६३ पासून आहे, आणि तिच्या समन्वित प्रकल्पातून वाणं वेगवेगळ्या राज्यांत तपासली जातात. महाराष्ट्रातलं केंद्र दापोलीला, म्हणजे आपल्यापासून लांबच.

विदर्भात लावायचंच असेल तर पाणी साचणारी काळी जमीन टाळा, कंद सडतात. निचऱ्याची मुरमाड जागा असेल तर चार ओळी लावून बघा. पण विकणार कुठे? साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे.