पेपरसाठी ठेव मोडायची की कर्ज काढायचं?

प्रश्न : माझा पेपर एका हायब्रिड जर्नलने स्वीकारलाय. ओपन अ‍ॅक्सेसचे (पेपर सर्वांना फुकट वाचता यावा म्हणून) ३,००० डॉलर भरायचे आहेत. शिल्लक ७,००० डॉलर, महिन्याचा खर्च १,५००. ठेव मोडू की वैयक्तिक कर्ज घेऊ? आधीचे दोन पेपर विशेषांकांत प्रत्येकी १,२०० डॉलर भरून छापले. माझं कंत्राट आठ महिन्यांनी संपतंय. सायटेशन (इतरांच्या पेपरांत माझ्या पेपरचे संदर्भ) वाढली तर कायम नोकरीची आशा आहे.

उत्तर : दोन्ही नको. हे पैसे भरावेच लागतात, असं तुम्हाला सांगितलं कोणी? हायब्रिड जर्नलला दोन दारं असतात : पैसे भरून खुलं करण्याचं आणि सबस्क्रिप्शनचं. सबस्क्रिप्शनच्या दाराने गेलात तर लेखकाला सहसा काही पडत नाही, पैसे वाचणाऱ्यांची ग्रंथालयं मोजतात. पेपर सर्वांना वाचता यावा, ही इच्छा रास्तच. पण तिची सोय फुकटात होते. समीक्षेनंतरचा स्वीकृत मसुदा (प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ नव्हे) संस्थेच्या रिपॉझिटरीत (पेपरांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात) ठेवा. अनेक प्रकाशक त्यासाठी वर्षभर किंवा जास्त थांबायला लावतात. प्रीप्रिंटला, म्हणजे समीक्षेआधीच्या मसुद्याला, बहुधा तेही नाही. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर हेच करताहेत. निधी देणाऱ्याची तात्काळ खुलं करण्याची अट असेल, तर शुल्क त्याच्याकडून मागा.

आता न विचारलेलं. प्रकाशनशुल्क हा प्रकल्पाचा किंवा संस्थेचा खर्च. तुम्ही तो घरखर्चातून करताय. २,४०० गेले, हे धरून ५,४००. आज साडेचार महिन्यांचा खर्च हाताशी आहे. हे भरलेत तर जेमतेम अडीच महिन्यांचा उरेल. तेही कंत्राट संपत असताना! खुल्या पेपरला वाचक जास्त मिळतात, मान्य. सायटेशन त्यानेच वाढतात का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी त्या आशेला उत्पन्नात धरत नाही.

आणि ते विशेषांक. 'आपल्या मौलिक संशोधनाने प्रभावित होऊन' असं आमंत्रण आलं होतं ना? वायली या प्रकाशकाने २०२१ मध्ये हिंदावी (Hindawi) ही जर्नल्स काढणारी कंपनी विकत घेतली. २०२३ मध्ये तिथले ८,००० हून अधिक पेपर मागे घेतले गेले, बहुतेक विशेषांकांतले. तुमची दोन्ही जर्नल्स अजून स्कोपस या जर्नल्सच्या सूचीत आहेत का, नोकरीच्या अर्जात ते पेपर टाकण्याआधी बघा.

जर्नलच्या फॉर्मवर सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडा. ओपन अ‍ॅक्सेसवर खूण करून बसला असाल, तर बिल निघायच्या आत संपादकीय कार्यालयाला लिहा. संस्थेचा या प्रकाशकाशी करार आहे का, तेही ग्रंथपालांना विचारा. असेल तर तुमचं शुल्क कदाचित आधीच भरलेलं असेल.