यामाहा बॅन्शी ३५० ला (दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, चारचाकी ऑफ-रोड एटीव्ही) जास्त ताकद हवी आहे. इंजिनावर खर्च करावा का?

आधी इंजिन धडधाकट आहे का ते बघा. थकलेल्या इंजिनाला नवा एक्झॉस्ट पाइप लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

इंजिन गरम करा, दोन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि किक मारत कॉम्प्रेशन मोजा. मूळ हेडवर साधारण १२० पीएसआय यावं. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी टॉप एंड (हेड, सिलिंडर, पिस्टन) उघडा. मग लीकडाउन, म्हणजे हवा गळते का याची चाचणी: इनटेक-एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरा, ६ मिनिटं टिकली पाहिजे. उतरली तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे बहुतेक क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं सील) किंवा इनटेक बूटपाशी (कार्ब्युरेटर जोडणारा रबर) दिसतात. तिथून हवा ओढली की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन चिकटतो.

हे जमलं की एक्स्पान्शन चेंबर पाइप (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट) घ्या. पैशाला खरा परतावा तिथेच. पण जेटिंगशिवाय, म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट बदलून पेट्रोलचं प्रमाण जुळवल्याशिवाय, नाही! मेन जेट मुद्दाम मोठा बसवा, फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग बघा, मग एकेक पायरी खाली या. प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक दिसलं तर पुढे चालवू नका. रीड (इनटेकमधल्या पातळ झडपा) नंतर बघता येतील.

पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरमधले पोर्ट घासून त्यांचा आकार बदलणं? कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिससारख्या वाळूत फुल थ्रॉटलवर पळवायचं असेल तर ठीक. झाडीतल्या वाटांवर नको, कारण जोर वरच्या आरपीएमकडे सरकतो आणि खालून गाडी मरते. तिथे पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा. टॉप स्पीड थोडा जाईल, उचल लगेच जाणवेल.