सॉक्स-नाइन म्हणजे मोजे नव्हेत

पत्र: मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. नीटला दोनदा थोडक्यात हुकली. आता म्हणते, डॉक्टरकी नकोच, सॉक्स-नाइनवर संशोधन करायचंय. आम्हाला आधी मोजेच वाटले! ह्यांचे गुडघे झिजलेत, तेव्हापासून तिच्या डोक्यात कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) बसली आहे. पीएच.डी.त सगळं वय जाईल, असं सासूबाई म्हणतात. तिला अडवू का?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदा

ताई, नमस्कार.

मोज्यांचं वाचून हसले, पण नावामागे खरी गोष्ट आहे. १९९० साली वाय गुणसूत्रावर एसआरवाय हे जनुक सापडलं. त्याच्याशी साम्य असलेल्या भाऊबंदांना सॉक्स हे आडनाव पडलं, त्यातला हा नववा.

तो करतो काय, हे तुमच्याच गावच्या भाषेत सांगते. पेटीत सगळे सूर असतात, पण भूप वाजवताना मध्यम आणि निषाद वर्ज्य. आपल्या बहुतेक पेशींतही पेटी एकच, सगळी जनुकं तीच. कुठली वाजवायची आणि कुठली गप्प ठेवायची, हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी बसून ठरवतात. गर्भात हातापायांचे कोंब फुटतात, तिथे काही पेशी दाटीवाटीने गोळा होतात आणि त्यांच्यात सॉक्स-नाइन जागा असतो. मग सॉक्स-फाइव्ह आणि सॉक्स-सिक्स या साथीदारांसह तो कोलॅजन-टू, अॅग्रिकॅन ही कूर्चेची खास जनुकं चालू करतो. उंदरांच्या ज्या पेशींतून सॉक्स-नाइन काढून टाकला, त्यांची कूर्चा बनलीच नाही.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. वाढत्या हाडाच्या टोकाशी हीच पेशी नंतर फुगते, तेव्हा सॉक्स-नाइनला मागे सरावं लागतं. रन्क्स-टू हा दुसरा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर पुढे येतो, कोलॅजन-टेन तयार होतं, भोवती कॅल्शियमचे क्षार साचतात आणि कूर्चेची जागा हाड घेतं. गुडघ्याच्या सांध्यावरच्या पेशींनी मात्र हा राग बदलायचा नसतो, जन्मभर कूर्चाच राहायचं असतं. त्या कशा टिकतात आणि म्हातारपणी का ढळतात, या प्रश्नावर जगभर काम चालू आहे. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्येही सांध्याच्या कूर्चेवर काम होतं.

याचं मोल किती? सॉक्स-नाइनच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी कॅम्पोमेलिक डिस्प्लेशिया हा हाडांचा जन्मजात आजार होतो. बाळाचे पाय वाकलेले, श्वासाची अडचण. या आजाराचं मूळ १९९४ साली सापडलं. रन्क्स-टूची एक प्रत गेली तर गळपट्टीची हाडं अपुरी राहतात. म्हणजे मुलीने विषय फालतू निवडलेला नाही.

आता माझं मत. तिला अडवू नका, पण तिने ‘कूर्चा’ हे करिअर समजू नये. करिअर म्हणजे जनुकं चालू-बंद कशी होतात ते मोजायची हातोटी. ती आली की कॅन्सर, पिकं, औषध कंपन्या, कुठेही चालते. अलेंबिकच्या गावाला औषध कंपन्यांचं काम काय सांगावं! आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा तिने आत्तापासून शिकावी. सार्वजनिक जनुक-डेटा फुकट मिळतो, लॅपटॉप पुरे.

त्याआधी एक परीक्षा, कागदावरची नव्हे. तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, साधारण दोन महिन्यांची. पात्रता त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. नाही मिळाली तर विभागातल्याच प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेत बसायची परवानगी मागावी. कूर्चेच्या पेशी सपाट ताटलीत वाढवल्या की स्वभाव विसरतात, कोलॅजन-टूऐवजी कोलॅजन-वन बनवायला लागतात. असे कित्येक आठवड्यांचे प्रयोग वाया गेल्यावरही ती दुसऱ्या दिवशी दहाला हजर राहते का, ते पाहा. माझ्याकडे येणारी बरीच मुलं विषयावर भाळतात आणि इथे गळतात. नीट हुकल्याचं दुःख झाकायला संशोधन घेतलं असेल तर तेही इथेच कळेल.

एम.एस्सी.साठी जॅम (बायोटेक्नॉलॉजीचा पेपर) आणि गॅट-बी, या दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात. गॅट-बीतून तुमच्याच विद्यापीठातही प्रवेश होतो. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,०००, वर घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा, म्हणजे तिशीच्या आसपास. कायम प्राध्यापकी सहज मिळत नाही, हे तिला आजच सांगा. सासूबाईंनाही सांगा, की या काळात ती कमावती असेल. लग्नाचं मी काय बोलणार, तो माझा विषय नव्हे.

आणि यजमानांना हाडांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या. सांध्याच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, झिजली की ती आपली आपण फारशी भरून येत नाही. लेकीच्या पीएच.डी.ची वाट बघत बसू नका.