नजर कमी होत चाललेल्या मुलाला अंधांसाठीच्या साधनांच्या प्रदर्शनाला न्यावं का, आणि तिथं काय घ्यावं?

ताई, मलाही आरपीच, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, आहे; डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार. तुमचा प्रश्न मला फोननं वाचून दाखवला आणि हे उत्तरही मी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, लावूनच लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठवीत आहे, त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, संध्याकाळनंतर दिसत नाही, बाजूचंही कमी होत चाललंय. सांगलीत अंधांसाठीच्या साधनांचं प्रदर्शन भरतंय असं कळलं. भावजी म्हणतात, बोलणारा चष्मा घेऊन टाका. मुलगा म्हणतो, मी काय आंधळा आहे का, मी येणार नाही. म्हणून तुम्ही विचारताय की तुम्ही दोघांनीच जाऊन त्याच्यासाठी काहीतरी आणावं का.

दोघंच जाऊ नका. यावेळी तो तयार झाला नाही तर पुढच्या प्रदर्शनाची वाट बघा, पण त्याच्या माघारी त्याच्यासाठी महागाचं काही घेऊ नका. मी मिरजेत बँकेत नोकरी करतो. सांगली, कोल्हापूर, पुणे इथली अशी प्रदर्शनं मी हातानं चाचपून बघितली आहेत, आणि ओळखीच्या घरांतून कपाटात पडून असलेली यंत्रंही बघितली आहेत. त्यातली बरीचशी चांगली चालू असतात. फक्त ज्याच्यासाठी आणली त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आत गेल्यावर आधी अल्पदृष्टीचं, म्हणजे थोडं दिसणाऱ्यांसाठीचं, टेबल शोधा. बहुतेक लोक ते ओलांडून पुढं जातात, कारण तिथं चमकदार काही नसतं. आरपीत बाजूची नजर आधी जाते आणि मधली बऱ्याचदा पुष्कळ वर्षं टिकते. त्यामुळं 'जेवढं मोठं अक्षर तेवढं चांगलं' हे आपल्याला लागू पडत नाही. अक्षर फार मोठं केलं की नजरेच्या अरुंद गोलात एका वेळी दोनतीनच अक्षरं मावतात आणि वाक्य हातातून सुटतं. व्हिडिओ भिंग दाखवतील, छोट्या टीव्हीसारखा पडदा असतो. त्यावर त्याला स्वतः बटण फिरवू द्या. काळ्यावर पांढरं, काळ्यावर पिवळं, असे रंग बदलून बघू द्या. कुठल्या आकाराला सलग ओळ वाचता येते ते त्यालाच कळेल, तुम्हाला किंवा विक्रेत्याला कळणार नाही. उन्हात डोळे दिपत असतील तर पिवळसर-नारिंगी काचांचे चष्मे तिथंच लावून दारापर्यंत जाऊन या. हे साधे चष्मे आहेत, बोलणारे नव्हेत, पण मला त्यांचा फार आधार वाटला होता.

मग पांढरी काठी. याच टेबलाजवळ तो अडेल, मीही त्या वयात अडलो होतो. त्याला सांगा की काठी रात्रीसाठी आहे, दिवसा वापरलीच पाहिजे असं नाही. थोडं दिसणाऱ्या माणसालाही काठी चालते, किंबहुना त्यालाच जास्त लागते, कारण समोरचा मोटारसायकलवाला त्याला पूर्ण दिसतंय असं धरून चालतो. काठीची उंची साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत हवी. घडीची घ्या, दप्तरात मावते.

स्मार्टकेनही बहुधा असेल. आयआयटी दिल्लीत तयार झालेली, २०१४ मध्ये बाजारात आलेली. साध्या काठीच्या मुठीवर बसणारं यंत्र आहे. ते कानाला ऐकू न येणारा ध्वनी पुढं सोडतं आणि तो कशावर तरी आपटून परत आला की मूठ थरथरते. अंतर बदललं की थरथरण्याची तऱ्हा बदलते. सुमारे तीन मीटरपर्यंतचं कळतं. आपल्याकडं त्याचा उपयोग कुठं होतो सांगतो. गळीत हंगामात रस्त्याकडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि मागं ऊस छातीच्या, तोंडाच्या उंचीवर बाहेर आलेला असतो. साधी काठी ट्रॉलीच्या खालून निघून जाते, रस्ता मोकळा आहे असं सांगते, आणि आपण सरळ उसावर जातो. गुडघ्याच्या वरचा अडथळा ओळखणं हेच त्या यंत्राचं काम. खड्डा, उघडं गटार, पायरी हे मात्र काठीचं टोकच सांगणार. कुणी 'हे घेतलं की झालं' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आधी साध्या काठीनं चालायला शिकायचं, आणि ते कुणीतरी शिकवावं लागतं. काठी बघताना विक्रेत्याला विचारा की सांगली-मिरजेत चालणं शिकवणारं कोण आहे.

आता ब्रेल. तुम्ही ब्रेलचा उल्लेखच केला नाहीत, म्हणून जरा जास्त लिहितो. 'आता फोन सगळं वाचतो, ब्रेल कशाला' हे तुम्हाला प्रदर्शनातही ऐकायला मिळेल. माझं मत याच्या अगदी उलट आहे. जे मूल फक्त ऐकून शिकतं त्याला शब्द कसा लिहिलाय ते कधीच भेटत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळपास सारखेच, पण ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ ई म्हणजे तिसरा आणि पाचवा. बोटाखाली ते वेगळेच लागतात. गणिताचं तर विचारूच नका. कंसात कंस असलेलं समीकरण ऐकून सोडवायला सांगणं हा मुलावर अन्याय आहे.

ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके, त्यांच्या ६३ जुळण्या, त्यात सगळं बसतं. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली आणि ती उच्चाराच्या क्रमानं चालते. 'सांगली' लिहायला सहा घरं लागतात: स, आ, अनुस्वार, ग, ल, ई. काना-वेलांटीची वेगळी चिन्हं शिकावी लागत नाहीत, स्वराचंच अक्षर मागून येतं. मराठी पक्की येणाऱ्या आठवीच्या मुलाला मुळाक्षरं लवकर जमतील, बोटांना वेग यायला मात्र सराव लागतो. थोडं दिसणारी मुलं ठिपके डोळ्यांनीच वाचायला बघतात, म्हणून चांगले शिक्षक हातांवर कापड टाकतात. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर अपमान वाटेल.

ब्रेलच्या टेबलावर पाटी आणि टोचणी बघा. तिच्यावर उजवीकडून डावीकडं टोचायचं आणि कागद उलटून वाचायचं. स्वस्त आहे, आणि सुरुवातीला एवढंच लागतं. शेजारी पर्किन्सचा नऊ बटणांचा टंकयंत्रासारखा ब्रेलर असेल, सहा बटणं सहा ठिपक्यांची. तो दाबून बघायला प्रत्येक मुलाला आवडतो. आणि ब्रेल डिस्प्ले असेल, म्हणजे फोनला किंवा संगणकाला जोडला की पडद्यावरची ओळ ठिपक्यांच्या रूपानं वर येते, बोट फिरवून वाचायची, बटण दाबलं की पुढची ओळ. त्याची किंमत ऐकून दचकू नका. नेहमीच्या डिस्प्लेत प्रत्येक ठिपका वीज दिली की वाकणाऱ्या स्वतंत्र पिझो पट्टीनं वर-खाली होतो, म्हणून चाळीस घरांचं परदेशी यंत्र लाखाच्या पुढं जातं. ऑर्बिट रीडर आणि मुंबईत तयार झालेलं ब्रेल मी ही वीस घरांची यंत्रं वेगळ्या रचनेमुळं बरीच स्वस्त पडतात. ती आज घ्यायची नाहीत. दहावीपर्यंत ब्रेल हाताला बसलं तर मग विचार करा.

फोन आणि संगणकासाठी पैसे खर्च करायचेच नाहीत. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतोच. संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, महागडी सॉफ्टवेअरं सगळ्यांना परवडत नाहीत म्हणून. ते पेन ड्राइव्हवर ठेवून शाळेतल्या कुठल्याही विंडोज संगणकावर चालवता येतं. प्रदर्शनात एनव्हीडीए लावलेला संगणक असेल तर तिथं बसलेल्या माणसाला पैशांचं विचारण्याऐवजी विचारा, आमच्या मुलाला आठवड्यातून एकदा शिकवाल का? त्या हॉलमधून तुम्ही असा एक शिकवणारा माणूस जोडून आलात तरी जाणं सार्थकी लागलं.

घरातून निघताना त्याचं इतिहासाचं किंवा विज्ञानाचं पाठ्यपुस्तक सोबत घ्या. छापील वाचून दाखवणारं कुठलंही यंत्र किंवा ॲप समोर आलं की विक्रेत्याचा इंग्रजी नमुना बाजूला ठेवायला सांगा आणि आपलं पान पुढं करा. चौकटी, चित्राखालच्या ओळी, जोडाक्षरं, मराठी आकडे, हे त्याला जमतं का ते तिथंच कळेल. अजून एक गोष्ट शाळेत सांगून ठेवा. शिक्षक प्रश्नपत्रिका किंवा नोट्स संगणकावर देणार असतील तर त्या युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत, हव्यात. आपल्याकडं अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायची सवय आहे. ते डोळ्याला मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडर त्या जागी असंबद्ध इंग्रजी अक्षरं वाचत सुटतो. याच्यावर कुठलंही महाग यंत्र इलाज नाही.

बोलणाऱ्या चष्म्याबद्दल थोडक्यात. चष्म्याला कॅमेरा असतो, समोरचा मजकूर किंवा वस्तू ओळखून तो कानात सांगतो. वाईट नाही. पण तुमच्या मुलाला मधलं अजून दिसतंय, आणि चष्मा जे करतो त्यातलं बरंचसं काम फोनचा कॅमेरा करतो. एसटी स्टँडवर गाडी आत येत असताना तिची पाटी वाचून घ्यायला जाल तर तोवर गाडी भरते. तिथं कंडक्टरला विचारणंच बरं. घाई करू नका, ही यंत्रं दरवर्षी बदलतायत.

बँकेतला माणूस म्हणून नोटांचं सांगतो. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप २०२० मध्ये आलं, इंटरनेटशिवाय नोट ओळखतं. पण वडापमध्ये, म्हणजे शेअर जीपमध्ये, पैसे देताना फोन कोण काढणार? नव्या नोटांची लांबी वेगवेगळी आहे: शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटावर मोजायची सवय लागते. कडेच्या उठावाच्या रेघाही आहेत, पण जुन्या झालेल्या नोटेवर त्या हाताला लागत नाहीत. नोट मोजायची छोटी पट्टी कुठल्या टेबलावर मिळाली तर जरूर घ्या.

एक विनंती. टेबलावरची माणसं बऱ्याचदा सोबत आलेल्यांशीच बोलतात. माझ्यासमोर माझ्या मित्राला विचारतात, "यांना किती दिसतं?" तुमच्या बाबतीतही होईल. तेव्हा एक पाऊल मागं सरका आणि म्हणा, त्यालाच विचारा. आठवीतल्या मुलाला हे फार मोठं असतं.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर ते काम सिव्हिलमधून सुरू करा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर केंद्राच्या सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून काठी, ब्रेल साहित्य अशा वस्तूही मिळतात. म्हणजे आज जे विकत घ्यायला निघालात त्यातलं काही विकत घ्यावंच लागणार नाही.

आणि तो यायला तयार नाही त्याचं. 'आंधळ्यांचं प्रदर्शन बघायला चल' म्हणून तो येणार नाही. त्याला क्रिकेट आवडतं का? अंधांच्या क्रिकेटचा चेंडू आत छर्रे असलेला, वाजणारा असतो, अंडरआर्म टाकतात. २०१२ मध्ये अंधांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारतानं जिंकला. संघात पूर्ण अंध खेळाडू लागतात तसेच थोडं दिसणारेही लागतात, म्हणजे तुमच्या मुलासारखे. बुद्धिबळाचा पटही असतो, काळी घरं किंचित उंच, घराघराला भोक आणि मोहऱ्यांना खाली खिळा. बऱ्याच प्रदर्शनांत अंधशाळेची मुलं त्यावर खेळायला बसलेली असतात. त्याला आधी तिथं सोडा आणि अर्धा तास त्याच्याकडं बघूही नका. शक्यतो सकाळी उघडल्याबरोबर जा, दुपारनंतर शाळांच्या सहली येतात आणि कुठलीच वस्तू नीट हाताळायला मिळत नाही. त्या दिवशी काही घ्यायचंच असेल तर वाजणारा चेंडू, पाटी आणि टोचणी एवढं घ्या.