घरच्या विंडोज ११ पीसीसाठी वेगळा फायरवॉल विकत घ्यावा का, घ्यायचा तर कोणता?

विकत काहीच घेऊ नका, विंडोजमधलाच डिफेंडर फायरवॉल (नेटवरून येणारी-जाणारी कनेक्शनं तपासून अडवणारा प्रोग्रॅम) घरच्या पीसीला पुरतो, फक्त तो चालू आहे ना तेवढं बघा. २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ या अपडेटपासून तो आपोआप चालूच येतो, त्याआधी नुसत्या नेटला जोडलेल्या पीसीला ब्लास्टरसारखा वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस) लागायचा म्हणून लोक झोनअलार्म नावाचा वेगळा फायरवॉल टाकायचे, आणि "वेगळा फायरवॉल हवाच" हा सल्ला तेव्हापासून चालत आलाय. आता बाहेरून न मागता आलेलं कनेक्शन विंडोज अडवतो, आणि वायफाय राउटरच्या मागे असाल तर ते बहुतेक वेळा पीसीपर्यंत पोचतच नाही. एकच उणीव आहे, आतून बाहेर जाणारं जवळपास सगळं तो सोडून देतो, म्हणजे एखादं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर गुपचूप डेटा पाठवत असेल तर तुम्हाला विचारणार नाही. त्यावर लक्ष ठेवायचं असेल तर टायनीवॉल बघा, फुकट आहे, हलकं आहे, पण सुरुवातीला एकेका प्रोग्रॅमला परवानगी देत बसावं लागतं, घरात आईबाबा पण तोच पीसी वापरत असतील तर खरंच वैताग होतो, त्यांच्यासाठी नकोच. अजून दोन गोष्टी:
- हॉस्टेल, लॉज, स्टेशनच्या वायफायवर नेटवर्क प्रोफाइल (विंडोजमधली त्या नेटवर्कची सेटिंग) पब्लिक ठेवा, घरी प्रायव्हेट चालेल
- नवीन गेम किंवा प्रिंटर टाकताना "अलाव" विचारलं तर नाव वाचल्याशिवाय दाबू नका, फायरवॉलला बहुतेक भोकं आपणच अशी पाडतो