ट्रॅक-डेचे नवे टायर आधी मुरवून घेतले तर खरंच जास्त टिकतात का?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक-डेसाठी, म्हणजे रेसट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवसांसाठी, मियाटाला (माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) २०० ट्रेडवेअरचे (झिजेचा आकडा; जितका कमी तितका टायर मऊ आणि लवकर झिजणारा) चार नवे टायर घेतलेत आणि कोणीतरी सांगितलं की पहिल्या सेशनला (ट्रॅकवरच्या पहिल्या पाळीला) हळूहळू गरम करून दिवसभर ठेवून द्या, दीडपट टिकतील. हे खरं का, आणि हातात एकच दिवस असेल तर काय करायचं?

हो, फरक पडतो. दीडपट म्हणणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार, पण पडतो. या विषयावर मी गेली कित्येक वर्षं एका माणसाशी भांडतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माणूस म्हणजे डेट्रॉइटचा माझा जुना रूममेट. तो सांगलीचा, मी पुण्याचा, त्यामुळे भांडायला कारण लागत नाही. दोघांकडेही जुन्या मियाटा. एका एप्रिलमध्ये आम्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून २०५/५०-१५ मापाचे अगदी एकसारखे टायर घेतले आणि शनिवार-रविवार जिंजरमॅनला गेलो. मिशिगनमधल्या साउथ हेवनजवळचा रेसट्रॅक, आमच्याकडून तीन तास. एप्रिल कागदावरच. सकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या लावतात तिथे, जॅकचा दांडा हाताला चिकटेल इतकी थंडी.

मी जुने टायरही दुसऱ्या रिमवर चढवून आणले होते. बेत असा की शनिवारचं पहिलं सेशन नव्यांवर, हळूहळू वेग वाढवत. मग ते काढून गाडीमागे सावलीत ठेवायचे, उरलेला दिवस जुन्यांवर काढायचा आणि नवे थेट रविवारी दुपारी लावायचे. म्हणजे त्या थंडीत चार चाकं काढा, चार लावा, टॉर्क रेंच फिरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सांगलीकर खुर्ची टाकून कॉफी पीत बघत होता. म्हणाला, “मर्दा, टायर हाय का कोल्हापुरी चप्पल? तेल लावून मुरवाय लागलाईस!” शेजारच्या तंबूतल्या दोघा अमेरिकनांना त्याने हे भाषांतर करून ऐकवलं, वर चप्पल म्हणजे काय तेही समजावलं.

गंमत अशी की उपमा त्याने चुकून बरोबर दिली. नवी कोल्हापुरी पहिल्याच दिवशी घालून पर्वती चढायला कोणी जात नाही. तासभर घरात घालायची, काढून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रबराचंही तसंच. रबराच्या लांब साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. नव्या टायरमध्ये हे दुवे सगळीकडे सारखे नसतात. पहिल्यांदा टायर नीट गरम झाला की त्यातले कच्चे तुटतात, आणि मग टायर निवांत पडून राहिला तर पुन्हा जुळतात, या वेळी जरा एकसारखे. याला किमान २४ तास लागतात, ४८ मिळाले तर उत्तम. लोक पहिला भाग करतात आणि विश्रांती विसरतात. सकाळी हळू चालवला आणि तासाभराने त्याच टायरवर जीव खाऊन पळाला, तर तुम्ही नुसतं एक सेशन वाया घालवलंत.

सांगलीकर पहिल्याच सेशनला पहिल्या वळणापासून सुटला. परत आला तेव्हा त्याच्या पुढच्या टायरचा पृष्ठभाग मी जवळून पाहिला. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कड चिरते ना, हुबेहूब तशी आडवी चिरलेली नक्षी. थंड टायरला वरून ओढलं आणि आतून तो अजून गारच, की असं होतं. त्याचं म्हणणं, दोन लॅपमध्ये घासून जाईल. घासून गेलंही. पण घासून गेलं ते विकत घेतलेलं रबरच होतं, हे त्याला कोण सांगणार?

ऑगस्टपर्यंत त्याचे टायर संपले. ट्रॅकवरचे सहा दिवस चालले. पुढच्या डाव्याच्या रबराखालच्या तारा दिसायला लागल्या होत्या. माझे नऊ दिवस चालले. तो उघडा पडलेला टायर मी मागून घेतला आणि आमच्या गॅरेजच्या भिंतीला टांगला. अजून आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बायको दाखवते, कौतुकाने नाही.

कृती विचाराल तर १५-२० मिनिटांचं एक सेशन. पहिले दोन लॅप रस्त्यावर चालवता तसे, मग दर लॅपला थोडं वाढवायचं, शेवटी नेहमीच्या वेगाच्या जवळ, पण टायर घसरू द्यायचा नाही, ब्रेक दाबून चाक लॉकही करायचं नाही. घाईने एकदम तापवण्यात अर्थ नाही, सगळा टायर सारखा तापला पाहिजे. मी सुईचा पायरोमीटर (तापमापक) रबरात खुपसून आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी बघतो. बंदुकीसारखा लेझरवाला मीटर फक्त वरची कातडी सांगतो, आणि ती पिटमध्ये येईपर्यंत गार झालेली असते. हायवेवर दोनशे मैल चालवून ‘ब्रेक-इन झालं’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तिथे तेवढी उष्णता येतच नाही.

एकच दिवस हातात असेल तर शेवटच्या सेशनला नवे लावा आणि पुढच्या ट्रॅक-डेपर्यंत विसरा. त्यासाठी दुसरा रिमचा सेट लागतो हे मला मान्य आहे. आमच्या भागात आणखी एक सोय होती. टायर रॅक, ते शेजारच्या इंडियानातलं साउथ बेंडचं दुकान, पैसे घेऊन मशीनवर टायर गरम करून, ठेवून मगच पाठवायचं. मी हे सांगलीकराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, लोक पाणीसुद्धा बाटलीत भरून विकतात. याला काय उत्तर द्यायचं?

आता थोडं प्रामाणिकपणे. ट्रॅकचा टायर दोन प्रकारे मरतो. एक, रबर घासून संपतं. दोन, रबर शिल्लक असतं पण गरम-थंड होऊन होऊन कडक झालेलं असतं, पकडच राहत नाही. मुरवण्याचा खरा उपयोग दुसऱ्या मरणासाठी. पहिलं मरण टाळायचं तर हवेचा दाब आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कल. मी हवा थंड असताना २८ पीएसआय ठेवतो आणि गरम झाल्यावर ३६च्या आसपास आणतो, सेशन संपलं की लगेच मोजून. जाड ट्रेडचे ठोकळे वळणात डुगडुगतात आणि त्यातूनच जास्त तापतात. म्हणून तर स्पेक मियाटावाले (एकसारख्या मियाटांच्या शर्यतीतले) टोयोचे नवेकोरे आरए१ टायर तासून पातळ करून वापरत. नवा टायर तासायचा आणि म्हणायचं आता जास्त चांगला चालेल! हे ऐकल्यावर माझ्या आईने फोनच ठेवला होता.

आणि कॅम्बरचं म्हणाल तर, सांगलीकराच्या तारा बाहेरच्या खांद्यावर दिसल्या होत्या. त्याची गाडी तेव्हा कारखान्याच्या अलाइनमेंटवर होती, पुढे जेमतेम एक अंश कल, आणि कल कमी असला की वळणात बाहेरची कडच घासते. माझी २.८ वर. त्या तीन दिवसांतले किती मुरवण्याचे आणि किती कॅम्बरचे, हे मला सांगता येणार नाही. त्या ऑगस्टमध्ये टायर भिंतीला टांगतानाही मला हे दिसत होतं, पण मी बोललो नाही.

हिवाळ्यात मात्र टायर न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवू नका. असलं रबर गोठणबिंदूखाली ताठरतं आणि त्या अवस्थेत गाडी नुसती हलवली तरी चीर पडू शकते. माझे पिशवीत बांधून घरात, पाहुण्यांच्या खोलीत असतात. आणि तुमचे टायर २०० नसून ४००-५०० ट्रेडवेअरचे साधे रस्त्यावरचे निघाले, तर वरचं सगळं सोडून द्या. पहिले शंभर मैल जपून चालवा आणि जा.

सांगलीकराने मागच्या महिन्यात नवे टायर घेतले. पहिल्या सेशनला हळू गेला आणि दिवसभर पुन्हा लावले नाहीत, असं त्याच्याच बायकोकडून कळलं. विचारल्यावर म्हणाला, पाऊस होता.